गोल कोपऱ्यांची दाढ

मित्रांनो, मी एक दाढ आहे. बऱ्यापैकी जुनी, एकदा फुटलेली आणि आता पुन्हा कामाला लागलेली. माझा पत्ता सोपा आहे. खालचा जबडा, उजवी बाजू, मधल्या दातापासून मोजत मागे आलात की सहावे घर माझे. जिच्या तोंडात मी राहते तिला घरात सगळे बिट्टी म्हणतात. गिऱ्हाइके तिला काचवाल्या बाई म्हणतात, कारण ती काचा कापते आणि बसवते. आता ती अठ्ठेचाळीस वर्षांची आहे, पण वडिलांच्या लेखी अजून बिट्टीच आहे, आणि माझ्याही.

माझी घडण तिच्या जन्माच्या सुमारासच सुरू झाली. सहा वर्षे मी हिरडीखाली हळूहळू कठीण होत राहिले. मग एके दिवशी दुधाच्या दातांच्या मागे, मोकळ्या जागेवर, डोके वर काढले. माझ्यासाठी कोणताच दात पडला नाही, म्हणून माझे येणे कोणाच्या लक्षातही आले नाही. त्याच महिन्यात पुढचा एक दात पडला, त्याचे मात्र घरभर कौतुक झाले. बिट्टी तो तळहातावर घेऊन शेजारीपाजारी दाखवून आली. मला पाहून तिची आई एवढेच म्हणाली, "ही पण दुधाचीच दिसतेय. पडेल नि दुसरी येईल."

मी दुधाची नव्हते. मी गेले असते तर माझ्या जागी दुसरी कोणी येणार नव्हती. पण हे सांगावे कसे? दाढेला बोलता येते ते फक्त ठणकून, आणि ठणकायला अजून अवकाश होता.

माझ्या डोक्यावर पाच उंचवटे आहेत आणि त्यांच्यामध्ये घळी. घास दळायला त्या फार उपयोगी, पण घासायला फार अवघड. बिट्टी पुढचे दात आरशात बघून चकाचक करायची आणि मागे ब्रश नुसता पाहुण्यासारखा येऊन जायचा. त्यातून बाबांच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या मुलांसाठी गोळ्यांची बरणी ठेवलेली. मुले काचांना हात लावू नयेत म्हणून ती युक्ती होती. गिऱ्हाइकांची मुले कधीमधी यायची, बिट्टी रोज असायची. अकराव्या वर्षी मला कीड लागली आणि मग मी बोलले. असे बोलले, की तिने शाळेतून येऊन दप्तर फेकले आणि गाल धरून जमिनीवरच बसली.

गल्लीच्या टोकाला दातांचे एक डॉक्टर होते. जाड चष्मा, हातांना लवंगेच्या तेलाचा वास. माणूस मोठा प्रेमळ. त्यांनी आधी बिट्टीला खुर्चीत बसवून दोनदा वरखाली फिरवून आणले, मग काम सुरू केले. कीड काढली आणि मला पोटात खणायला लागले.

"चांदी दाताला चिकटत नाही, बाळ," ते खणता खणता सांगत होते. "म्हणून तिच्यासाठी घर असं करायचं, की ती बाहेर पडताच कामा नये. तळाशी रुंद, तोंडाशी अरुंद, कोपरे कसे पेटीसारखे चौकोनी."

त्यांनी खरोखरच सुबक पेटी खणली. कीड होती त्याच्या दुप्पट जागा गेली, पण त्या काळी तसेच शिकवत आणि तसेच करत. त्यांनी पेटीत चांदी ठासून भरली, वरून घोटली आणि बिट्टीला म्हणाले, "ही चांदी तुझ्या लग्नापर्यंत टिकेल." चांदी त्याच्या पुढेही पुष्कळ टिकली. टिकले नाहीत ते तिच्याभोवतीचे माझे काठ.

मी त्या डॉक्टरांना दोष देत नाही. त्यांनी मला वाचवले म्हणून तर आज तुमच्याशी बोलते आहे.

बिट्टी सोळा वर्षांची झाल्यावर बाबांकडून काच कापायला शिकू लागली. हातात हिऱ्याच्या कणीचे हत्यार, समोर जाड फळी, तिच्यावर काच. रेघ एकदाच मारायची, मागे यायचे नाही. त्या एका रेघेसाठी बिट्टी श्वास रोखायची आणि दातांवर दात दाबायची. रेघ तिच्या हाताने उमटायची, पण जोर माझ्यावर यायचा. बाबा मान तिरकी करून तो आवाज ऐकत. रेघ चांगली पडली की म्हणत, "वा! रेशीम फाडल्यासारखं." ते कौतुक बिट्टीचे होते. मी त्यातले थोडे माझ्याकडे ठेवून घेत असे.

एकदा एका गिऱ्हाइकाला खिडकीच्या काचेत नळ जाण्यापुरती चौकोनी खाच हवी होती. बिट्टीने ती अगदी काटकोनात कापली. काच उचलताच खाचेच्या आतल्या कोपऱ्यातून तडा निघाला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत गेला. बिट्टी रडवेली झाली. बाबा रागावले नाहीत. त्यांनी तुकडे उचलले आणि तिला शेजारी बसवून सांगितले, "आतल्या बाजूला टोकदार कोपरा कधी ठेवायचा नाही. सगळा ताण तिथं गोळा होतो. आधी गोल भोक पाडायचं, मग तिथपर्यंत रेघ आणायची. ताणाला वळायला जागा दिली की तो वळून जातो."

बिट्टीने ते मनावर कोरून ठेवले. मी मात्र धास्तावले. माझ्या पोटात तसे चार कोपरे होते.

वर्षे गेली. बिट्टीचे लग्न झाले, मुलगी झाली, आई गेली, बाबा थकले. दुकान तिच्याकडे आणि तिच्या धाकट्या भावाकडे आले. मी रोज दळत होते. प्रत्येक घासाला माझ्या भिंती केसाच्याही शंभराव्या भागाइतक्या बाहेर झुकत आणि परत येत. गरम चहाने चांदी फुगे, गार पाण्याने आकसे. ती आणि मी एका घरात राहत होतो, पण एकमेकींना चिकटलेल्या नव्हतो. ती माझ्यात पाचरीसारखी बसली होती. कधीतरी त्या मागच्या, जिभेकडच्या कोपऱ्यात एक बारीक तडा सुरू झाला. तो कोणत्या दिवशी सुरू झाला हे मलाही सांगता येणार नाही.

मग बिट्टीला एक विचित्र कळ येऊ लागली. चावताना नव्हे, चावून सोडताना. भाजलेला दाणा दाताखाली फुटे तेव्हा काही नाही, जबडा उघडला की सुईसारखी कळ. ती मी मारलेली हाक होती. बिट्टीने उपाय काय केला? डाव्या बाजूने चावायला लागली. मित्रांनो, घरातले एखादे माणूस बरे नाही म्हणून त्याच्याशी बोलणेच बंद करावे, तसे झाले ते. जेवणात मला कोणी विचारीना, पण काच कापताना दाबायला मात्र मीच.

बाबांना ती कळ दिसली. जेवताना ते तिच्याकडे बघत म्हणत, "काढून टाक. माझे सगळे गेले, माझं काही अडलं का?" असे म्हणून ते दुधात बुडवलेला पाव चमच्याने खात. त्यांची कवळी बहुतेक वेळ वाटीतच असे, कारण ती त्यांना टोचायची.

असे दीड वर्ष चालले.

वाचनालयाच्या दुसऱ्या मजल्यावरची एक मोठी काच बदलायची होती. माणसाहून उंच, जाड, लिफ्टमध्ये न मावणारी. बिट्टी आणि तिचा भाऊ ती उभी धरून जिन्याने वर नेत होते. भाऊ खाली, बिट्टी वर, दोघांच्या हातांत जाड हातमोजे. पहिला मजला पार झाला. वळणावर काच किंचित कलली, बिट्टीने तिला सावरायला सगळ्या अंगाचा जोर लावला आणि दातांवर दात आवळले.

कट् असा आवाज झाला.

माझा जिभेकडचा एक उंचवटा बुडापासून सुटला होता. कळ तिच्या कानापर्यंत गेली, डोळ्यांपुढे पांढरे झाले. भाऊ खालून ओरडला, "ताई! काच गेली का?"

बिट्टीला तोंड उघडता येईना. तिने नुसती मान हलवली.

"मग आवाज कसला? ताई, बोल ना! टेकवू का?"

मधल्या पायरीवर एवढी काच टेकवता आली नसती. टेकवली असती तर ती गेलीच असती आणि खाली भाऊ होता. बिट्टीने डोळ्यांतून पाणी वाहत असताना अकरा पायऱ्या चढून काढल्या. एकेक पायरी मी मोजली. वर गेल्यावर दोघांनी काच चौकटीत बसवली, कडेने पुट्टी लावली, बोटांचे ठसे पुसले. मग बिट्टी खाली बसली, तोंडातून तुकडा काढला आणि हातमोज्यावर ठेवून भावाला दाखवला.

"काच नाही रे गेली," ती म्हणाली. "दाढ गेली."

भावाने तुकडा पाहिला, वर नव्या काचेकडे पाहिले आणि तो खाली बसून तिची पाठ थोपटत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा कोट घालून तयार. "मी येतो बरोबर," ते म्हणाले. त्यांनी खिशात स्वच्छ रुमालाची घडी ठेवली होती, रक्त आले तर टिपायला. दाढ आता निघणार याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती. खरे सांगायचे तर माझ्याही मनात नव्हती. जीभ सारखी येऊन माझ्या धारदार काठाला लागत होती आणि कापून घेत होती. जिच्याजवळ इतकी वर्षे काढली तिला मीच जखमी करत होते. वाटले, आता गेलेले बरे.

गल्लीच्या टोकाच्या त्या दवाखान्यात आता एक तरुण डॉक्टरबाई बसत होत्या. त्यांनी घाई केली नाही. बाजूने बारीक उजेड टाकून माझा तडा पाहिला, गार बोळा लावला, एक काडी चावायला देऊन हळूच सोडायला सांगितले, एक्स-रे काढला. मग मुखपट्टी खाली करून म्हणाल्या, "आतली नस जिवंत आहे. तडा मुळापर्यंत गेलेला दिसत नाही."

"म्हणजे काढायची ना?" बाबांनी विचारले.

"काढता येईल, आजोबा. थोड्या वेळाचं काम आहे. पण मला वाटतं, ही वाचेल."

खिशातल्या रुमालावर बाबांचा हात होता. जरा चाचरतच ते म्हणाले, "माझे तिसाव्या वर्षापासून काढत गेले. एक दुखला की एक काढ. हा दात वाचेल असं मला कधी कोणी म्हणालंच नाही. आणि मीही विचारलं नाही." मग एकदम बिट्टीकडे वळून म्हणाले, "मी तुला सांगत होतो ना, काही अडत नाही म्हणून? अडतं गं. सफरचंद चावून खाऊन मला वीस वर्षं झाली. डॉक्टर, हिची वाचवा."

बिट्टीने त्यांचा हात धरला. तिला माहीतच नव्हते. वीस वर्षे ती त्यांच्यासमोर सफरचंदाच्या फोडी शिजवून ठेवत होती आणि त्यांना तशाच आवडतात असे समजत होती.

डॉक्टरबाईंनी मला बधिर केले आणि जुनी चांदी काढली. छत्तीस वर्षांनी माझ्या पोटात उजेड पडला. त्यांनी फोटो काढून बिट्टीला पडद्यावर दाखवला. तडा बरोबर मागच्या चौकोनी कोपऱ्यातून निघाला होता.

"कोपऱ्यातून!" बिट्टी बधिर ओठांनी म्हणाली. "बाबा, बघा, कोपऱ्यातूनच!"

बाबा चष्मा वर करून पडद्याजवळ गेले आणि माझ्याकडे एखादी फुटकी काच बघावी तसे बारकाईने पाहू लागले. "गोल भोक पाडायला हवं होतं," ते म्हणाले.

डॉक्टरबाई हसल्या. "तुम्ही माझं निम्मं काम केलंत. आता चांदीसारखं अडकवून ठेवायची गरज नाही. आता चिकटवता येतं, त्यामुळे पेटी नको, खोल खणणं नको. आतून सगळं गोल आणि उथळ. मधे पाचर ठोकण्यापेक्षा पातळ भिंतींवर वरून छत घालायचं."

"छत कशाचं?" बिट्टीने विचारले.

"दोन प्रकार आहेत. एक राळेचं, जरासं लवणारं. ते स्वतः सहसा फुटत नाही, पण लवतं म्हणून दाब खाली तुमच्या दाढेवर जास्त जातो. दुसरं चिनी मातीच्या जातीचं, कडक. ते दाब बराचसा स्वतःच्या अंगावर घेतं. पण पातळ केलं तर तेच फुटेल."

"माझ्या भिंती आधीच तडकलेल्या आहेत," बिट्टी विचार करत म्हणाली. "मग कडकच बरं. जाडी किती?"

"दोन मिलिमीटरच्या आसपास. तेवढी जागा करायला उरलेले उंचवटे थोडे उतरवावे लागतील."

"वाचवायची म्हणता आणि तासायची?"

"थोडी तासायची म्हणजे सगळी वाचेल. पातळ काच तुम्ही कशी बसवता?"

"खाली सपाट, अगदी नीट टेकू असेल तर," बिट्टी म्हणाली. "टेकू उंचसखल असला तर ती बसवतानाच जाते." मग जरा थांबून, "बरं, तासा."

यंत्र गुणगुणू लागले. डॉक्टरबाईंनी माझे उंचवटे उतरवले, काठ घासून मऊ केले, खोलगट जागा लेपाने भरून वाटीसारख्या गोल केल्या. बिट्टीच्या हातात आरसा होता. सगळे झाले असे वाटून डॉक्टरबाई हत्यार खाली ठेवणार, इतक्यात बिट्टी ओरडू लागली, "आं! आं आं!"

"दुखलं का?" डॉक्टरबाई दचकल्या.

बिट्टीने मान हलवली आणि आरशातल्या एका जागेवर बोट ठेवले. गालाकडच्या बाजूला एक बारीक कड उजेडात चमकत होती. काच कापणाऱ्या बाईच्या नजरेतून चमकणारी धार सुटत नाही. डॉक्टरबाईंनी भिंग लावून पाहिले, टोकदार सळईने चाचपले.

"खरंच की," त्या म्हणाल्या. "थांबा." आणि ती कड त्यांनी अर्ध्या मिनिटात गोल केली. बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीवरून म्हणाले, "शिष्या आहे माझी."

माझा साचा घेतला. दोन आठवडे मी तात्पुरत्या टोपीखाली काढले. बिट्टीने त्या दिवसांत काचा कापताना तोंडात कापडाची मऊ घडी धरली. भाऊ तिची नक्कल करून हसायचा, पण रोज सकाळी ती घडी धुऊन तोच आणून ठेवायचा.

छत बसवण्याच्या दिवशी माझ्याभोवती रबरी पडदा ताणला. थुंकीचा थेंब नको, श्वासाची वाफसुद्धा नको. बिट्टी लगेच समजली, कारण आरशामागे लेप लावताना ती स्वतःही कोणाला जवळ येऊ देत नाही. माझे अंग स्वच्छ केले, औषधाने किंचित खरखरीत केले, पुन्हा धुतले, वाळवले. मग चिकट लेप, मग छत, वरून स्थिर बोट, आणि लेप घट्ट करणारा निळा प्रकाश. मित्रांनो, चांदी माझ्यात छत्तीस वर्षे राहिली, पण ती आणि मी कधी एक झालो नाही. हे छत मात्र बसले आणि थोड्या वेळाने माझे कुठे संपते व त्याचे कुठे सुरू होते हे मलाच कळेना. झुकणारी भिंत आता एकटी झुकत नव्हती. भार आला की आम्ही तो मिळून घेत होतो.

रंगीत कागद चावायला देऊन डॉक्टरबाईंनी कुठे उंच लागते ते पाहिले आणि घासून सारखे केले. आठवड्याभराने बिट्टीने उजव्या बाजूने काकडी चावली. कुर्र असा आवाज झाला. तिने जबडा उघडला, वाट पाहिली. कळ आली नाही. समोर बाबा बसले होते. "पुन्हा चाव," ते म्हणाले. "ऐकू दे." तिने पुन्हा चावली. पुढच्याच आठवड्यात तिने त्यांना टोचणारी कवळी नीट करून घ्यायला त्याच दवाखान्यात नेले. आता सफरचंदाच्या पातळ चकत्या ते कच्च्या खातात, अगदी सावकाश, पण खातात.

एक वर्षाने तपासणी झाली. डॉक्टरबाईंनी माझे काठ चाचपून पाहिले. कुठे फट नाही, डाग नाही. बिट्टीने विचारले, "किती वर्षं टिकेल? हमी देता का?"

"तुम्ही काचेची हमी देता?" डॉक्टरबाईंनी उलट विचारले.

बिट्टी खुर्चीतून उठता उठता म्हणाली, "बसवल्याची देते. दगड मारणाऱ्याची नाही."

दोघी हसल्या. पण मित्रांनो, ते वाक्य मी जपून ठेवले आहे, कारण तेच मला तुम्हाला सांगायचे आहे. तुमच्या खिडकीवर दगड मारणारा कोणीतरी परका असतो. तुमच्या तोंडात दुसरे कोणी नसते. बाटलीचे झाकण दाताने उघडणारे तुम्ही, बर्फ कडाकडा फोडणारे तुम्ही, राग आला की जबडा आवळून बसणारेही तुम्हीच. आम्ही सगळ्यात मागे राहतो, आरशात दिसत नाही, तक्रारही उशिरा करतो. तेव्हा ब्रश आमच्यापर्यंत आणा. बारीकशी कळ आली तर बाजू बदलू नका, कोणाला तरी दाखवा, आणि काढायला सांगितले तर एकदा धीर करून विचारा, "वाचेल का?"

आता थांबते. बिट्टीने काच फळीवर ठेवली आहे, हत्यार हातात घेतले आहे. ओठ मिटलेले आहेत आणि मी वरच्या दाढेपासून बोटभर नाही तरी केसभर दूर आहे. हे अंतर ती आता आठवणीने ठेवते.